वाघबकरीच्या पटावरून उंबरखिंडीत

(हदगाव येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय फळ्यावर वाचून एका जुन्या विद्यार्थ्यानं दारातच विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून आता खेळण्यांवर बोलणार का?" आम्ही म्हणालो, खेळण्यांवर नाही बाबा, खेळावर. या दोन्हींत फरक आहे. तेवढा जरी आज नीट कळला तरी बोलणं सार्थकी लागलं असं समजू.

आधी खेळ सांगतो. साठीपुढच्या मंडळींना तो माहीत आहे, पण हे नंतर मोबाईलवर ऐकणाऱ्या-वाचणाऱ्यांसाठी सांगायला हवा. आमच्या लहानपणी ढेलजेतल्या फरशीवर विटकरीच्या तुकड्यानं एक पट काढलेला असायचा. आडव्या पाच रेघा, उभ्या पाच रेघा, मधून तिरप्या रेघा. जिथं रेघा मिळतात ते 25 बिंदू. खापराचे चार तुकडे म्हणजे वाघ आणि 20 चिंचोके म्हणजे शेळ्या. हीच वाघबकरी. ठिकठिकाणी तिची रूपं वेगळी आहेत. तमिळ मुलखात तिकोनी पटावर 3 वाघ आणि 15 शेळ्या असतात. नेपाळात 'बाघचाल' नावानं 4 वाघ आणि 20 शेळ्यांचा डाव चालतो. आम्ही आज बोलणार तो चार-वीसचा.

वाघ चार कोपऱ्यांत बसतात. शेळ्या सुरुवातीला पटावर नसतातच, त्या हातात असतात. शेळीवाला एका वेळी एक शेळी कुठल्याही रिकाम्या बिंदूवर ठेवतो, मग वाघवाला एक वाघ हलवतो. वीसच्या वीस उतरल्याशिवाय पटावरची एकही शेळी हलत नाही. वाघानं शेजारच्या शेळीवरून सरळ रेषेत पलीकडच्या रिकाम्या बिंदूवर उडी मारली की ती शेळी गेली. पलीकडं दुसरी शेळी बसलेली असली तर उडी नाही. पाच शेळ्या खाल्ल्या की वाघ जिंकला.

आणि शेळ्या कधी जिंकतात? चारी वाघांना हलायला जागा उरली नाही की. इथं जरा थांबा. शेळी वाघाला मारत नाही. तिला मारताच येत नाही. सबंध डावात एकही वाघ मरत नाही. हे वाक्य आम्ही आज पुन्हा म्हणणार आहोत, कारण आमची सगळी टीका त्याच्यावरच उभी आहे.

आता खेळण्यांकडं वळू. पुण्या-सातार्‍याकडं दिवाळीत दारापुढं मातीचा किल्ला करतात. दगडगोटे रचायचे, वर पोतं टाकायचं, चिखल थापायचा, अळीव नाहीतर मोहरी पेरून हिरवळ आणायची. वर सिंहासनावर महाराज, बुरुजाबुरुजावर मावळे, पायथ्याशी गुहेत एक मातीचा वाघ. आमच्या लहानपणी आमच्याकडं ही रीत विशेष नव्हती, आता शाळांच्या स्पर्धांमुळं आली. लेकरांचे हात मातीत जातात, चांगलंच आहे. पण एक गोष्ट बघा. त्या किल्ल्यावर शत्रू नसतो. सगळे मावळे एकाच बाजूचे, आणि समोर कुणीच नाही. म्हणून तो किल्ला बघायचा असतो, खेळायचा नसतो. तो देखावा आहे, आणि देखाव्याला नियम लागत नाहीत.

म्हणजे आपल्याकडं एक पट आहे ज्याला नियम आहेत पण मूर्ती नाहीत, आणि एक किल्ला आहे ज्याला मूर्ती आहेत पण नियम नाहीत. या दोघांचं लग्न लावावं असं कुणाच्याही मनात येईल.

युरोपात हे लग्न फार आधी लागलं. आपलं चतुरंग इराणात गेलं, शतरंज झालं, तिथून पश्चिमेला पोहोचलं. 1780 साली ब्रुन्सविकच्या हेल्विग नावाच्या गृहस्थानं बुद्धिबळाचा पट वाढवून 49 गुणिले 33, म्हणजे 1617 घरांचा केला. घरांना डोंगर, पाणी, दलदल असे रंग दिले. राजा काढून टाकला आणि त्याच्या जागी किल्ला ठेवला. शत्रूचा किल्ला घेतला की डाव संपला. पुढं प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी घरंही काढली. बापानं 1812 साली राजाला आपला खेळ दाखवला आणि मुलानं 1824 साली नियमांचं पुस्तक काढलं. त्यात 1:8000 प्रमाणाचा नकाशा आहे, नुकसान ठरवायला फासे आहेत आणि कुणाला काय दिसतं ते सांगायला एक पंच आहे. 1913 साली एच. जी. वेल्स या कादंबरीकारानं घरातल्या शिशाच्या शिपायांसाठी 'लिटल वॉर्स' हे नियम छापले. तिथून हा छंद घरोघर गेला.

त्याची आजची एक शाखा मध्ययुगीन चकमकींची आहे. सबंध लढाई नाही, पंधरा-पन्नास माणसांची झटापट. 1981 साली ब्रिटनमध्ये 'क्राय हॅवॉक' नावाचा पटखेळ आला, त्यात पुठ्ठ्याची एक सोंगटी म्हणजे एक माणूस. 2014 साली 'लायन रॅम्पंट' हे नियम आले. त्यात 12 किंवा 6 मूर्तींचा एक दस्ता असतो, मूर्ती साधारण 28 मिलिमीटर उंचीच्या. आता ही मंडळी काय करतात, तर जुन्या पटखेळातला एखादा प्रसंग, ज्याला ते सिनारिओ म्हणतात, उचलतात आणि टेबलावर खर्‍या झाडा-टेकड्यांत मूर्तींनिशी मांडतात. जुनी संहिता नव्या रंगमंचावर आणावी तसंच हे आहे. म्हणून त्याची समीक्षाही नाटकाच्या रूपांतरासारखीच व्हायला पाहिजे. काय बदललं, काय राहिलं आणि जे राहायला पाहिजे होतं ते राहिलं का?

हे सगळं आमच्या अंगणात कसं आलं ते सांगतो. आमची नात पुण्याला शिकते. गेल्या दिवाळीला ती प्लायवुडची एक फळी आणि दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे डब्यात भरून घेऊन आली. म्हणाली, "आजोबा, तुमच्या वाघबकरीची मी उंबरखिंड केलीय."

कल्पना आम्हाला लगेच पटली. उंबरखिंडीची लढाई फेब्रुवारी 1661 ची. शाइस्ताखान पुण्यात मुक्काम ठोकून होता. त्यानं उत्तर कोकण घ्यायला कारतलबखानाला घाटाखाली पाठवलं. आजच्या खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ अरुंद खिंडीत महाराजांनी त्याला गाठलं. खानाचं सैन्य मोठं, पण खिंडीत मोठेपणाचा उपयोग काय? पुढची वाट बंद, मागची बंद, दोन्ही अंगाला जंगल, प्यायला पाणी नाही. शेवटी खानानं शरणागती पत्करली आणि जवळचा ऐवज, घोडे, हत्यारं टाकून जीव वाचवून गेला. मोठं जनावर, लहान माणसं आणि बंद झालेल्या वाटा. वाघबकरीचाच हा प्रसंग आहे.

पण तिची पहिली मांडणी खेळून बघितली आणि आम्ही दोघंही नाराज झालो. दिसायला सुंदर, खेळायला बेचव. का, ते शोधायला आम्हाला चार दिवस लागले. तीन चुका सापडल्या. त्या तिच्या एकटीच्या नाहीत, या छंदातल्या बहुतेक रूपांतरांत होतात, म्हणून इथं सांगतो.

पहिली चूक मोजणीची. तिनं 4 वाघांचे 4 मोगल केले आणि 20 शेळ्यांचे 20 मावळे. झालं, इतिहास उलटा झाला! खिंडीत मोठं सैन्य खानाचं होतं, इथं चार मोगलांवर वीस जण तुटून पडताना दिसायला लागले. बघणार्‍या शेजारच्या पोरानं विचारलंच, "आजोबा, आपलेच लोक जास्त कामून हायेत?" प्रश्न बिनतोड होता.

इथं आमचं तत्त्वज्ञान कामी आलं. विट्गेनश्टाइन बुद्धिबळाचं उदाहरण फार देतो. घोडा म्हणजे लाकडाचा तुकडा नव्हे, त्याला चालताना लागू होणारे नियम म्हणजे घोडा. लाकडाचा हरवला तर बाटलीचं बूच ठेवा, घोडा तोच राहतो. तसं वाघ म्हणजे 'एक' नव्हे. वाघ म्हणजे जो उडी मारून मोडू शकतो तो. शेळी म्हणजे जी एकटी सापडली तर मरते आणि पाठीला पाठ लावून उभी राहिली तर वाट अडवते ती. सोंगटीचा आकडा हा माणसांचा आकडा नसतो, ती एक कर्तबगारी असते. मग आम्ही एका वाघाचा एक घोडदळाचा दस्ता केला, सहा-सहा मूर्तींचा, आणि एका शेळीची दोन मावळ्यांची टोळी. आता फळीवर मोगल दाटीवाटीनं दिसायला लागले आणि मावळे विखुरलेले, आणि डाव मात्र तोच राहिला. मूर्ती वाढल्या, सोंगट्या तेवढ्याच.

दुसरी चूक जास्त खोल होती. मूर्तींच्या खेळात रिवाज असा की दोन्ही बाजू आपापलं सैन्य आधीच टेबलावर मांडतात आणि मग सुरुवात करतात. नातीनंही वीसही टोळ्या खिंडीच्या दोन्ही अंगाला ओळीनं उभ्या केल्या. सुरेख दिसत होतं. पण मग खान समोर दिसणार्‍या वीस टोळ्यांकडं चालत जाणार कशाला? तो माघारीच फिरेल. दबा धरलेलं सैन्य सगळ्यांना दिसत असेल तर त्याला दबा कसं म्हणायचं?

आता गंमत बघा. वाघबकरी हा उघडा खेळ आहे, त्यात काहीच लपलेलं नाही. तरी दबा त्यात आहे! कुठं? शेळीवाल्याच्या हातात. पहिल्या वीस चालींत कुठली शेळी कुठं उगवेल हे वाघाला ठाऊक नसतं. कुठलाही रिकामा बिंदू पुढच्या क्षणी भरलेला असू शकतो. झाडीतून माणूस निघावा तसा चिंचोका हातातून निघतो. राइसविट्झला जे करायला पंच आणि नकाशा लागला ते आपल्या पटानं नुसत्या मुठीत केलं. आणि 'सगळ्या उतरल्याशिवाय एकही हलायची नाही' हा नियम आम्हाला लहानपणी जुलमी वाटायचा. आता वाटतं, दबा धरणार्‍याची शिस्त ती हीच. आपल्या जागेवर बसायचं. शेजारचा मारला जात असला तरी जागा सोडायची नाही. तुम्ही हलला तर फळी फुटते.

म्हणून दुसर्‍या मांडणीत मावळे डब्यातच ठेवले. फळीवर फक्त खानाचे दस्ते, आणि तेही चार कोपर्‍यांत नाही, घाटातून उतरणार्‍या वाटेवर एकामागं एक. हा बदल आम्ही केला आणि त्याला आमची हरकत नाही. कुठून सुरुवात होते हे या खेळाचं कातडं आहे. शेळ्या हातातून येतात हे हाड आहे. रूपांतर करणार्‍याला कातडं बदलायची मुभा आहे, हाड मोडायची नाही.

इथंच भूगोलाचंही सांगून टाकतो. मूर्तीवाल्या मंडळींची समजूत असते की पट म्हणजे सपाट मैदान आणि भूगोल आपण टेकड्या ठेवून आणायचा. वाघबकरीच्या बाबतीत हे खोटं आहे. 25 बिंदूंपैकी 13 ठिकाणी तिरप्या रेघा मिळतात, 12 ठिकाणी नाहीत. मधल्या बिंदूवरून वाघाला आठ वाटा, त्याच्या अगदी शेजारच्या बिंदूवरून चारच, कोपर्‍यातून तीन. म्हणजे मोक्याची जागा आणि अडचणीची जागा पटात आधीच आहे. नातीनं सुरुवातीला वरून आणखी टेकड्या ठेवल्या आणि दोन बाजूंच्या तिरप्या रेघा तोडल्या. वाघ इतक्या लवकर कोंडले जायला लागले की खानाकडून कुणी खेळेना. आम्ही सांगितलं, टेकड्या काढू नको, रेघांवरून सरकव. जिथं रेघ आहे तिथं पायवाट, जिथं नाही तिथं कडा. बिंदू दाखवायला नदीतले गोटे. पट जसाच्या तसा राहिला आणि फळीवर खिंड दिसायला लागली.

तिसरी चूक मात्र बारीकसारीक दुरुस्तीनं जाणारी नव्हती. नातीनं मावळ्यांना मारायचा अधिकार दिला होता. फासा टाकायचा, पाच किंवा सहा पडले की समोरची मूर्ती उचलायची. दोन्ही बाजूंना सारखंच. शेवटी ज्यानं जास्त मूर्ती उचलल्या तो जिंकला.

आम्ही विचारलं, हे कशासाठी? ती म्हणाली, "आजोबा, नाहीतर मावळे दुबळे दिसतात. लढाई आहे ना!"

मंडळी, इथं आमचा मुद्दा येतो. शेळी वाघाला मारत नाही हा त्या खेळाचा दुबळेपणा नाही, तोच त्या खेळाचा विचार आहे. बलवानाशी त्याच्या हत्यारानं लढू नका, त्याची उडी मारायची जागाच काढून घ्या, असं तो खेळ म्हणतो. शेळीला दात दिले की तो विचार गेला. उरली नुसती सारख्या दोन टोळ्यांची मारामारी, आणि तिच्यासाठी वाघ कशाला नि शेळी कशाला? एका बाजूला लाल आणि दुसर्‍या बाजूला निळं ठेवलं तरी भागतं.

आणि नवल असं की त्या एका बदलानं इतिहासही बिघडतो. उंबरखिंडीत काय झालं? झटापट झाली, माणसं पडली. पण निकाल कत्तलीनं लागला नाही, कोंडीनं लागला. खान जिवंत परत गेला. म्हणजे पट आणि लढाई दोघंही एकच गोष्ट सांगत होते, आणि मधे आपला फासा येऊन तिसरंच सांगायला लागला. जुन्या पटाशी बेइमानी आणि इतिहासाशीही, एकाच फाशात.

जरा मागं जाऊन बघा. बुद्धिबळात राजा मरतो का? नाही. सगळी मोहरी मरतात, राजा मरत नाही. त्याला शह बसला आणि सुटायला वाट उरली नाही की मात. राजाला पटावरून कुणी उचलत नाही. म्हणजे आपल्या मुलखातले दोन जुने पट शेवटी एकच म्हणतात, विजय म्हणजे समोरच्याची वाट बंद करणं. हेल्विगनं राजा काढून किल्ला ठेवला तेव्हा कोंडी गेली आणि कब्जा आला. त्याला आम्ही चूक म्हणत नाही, त्याला वेगळं काही सांगायचं होतं. वेल्सच्या नियमांत तर वेढले गेलेले थोडके शिपाई कैद होतात, मरत नाहीत. 'लायन रॅम्पंट'मध्येही दस्त्याच्या धीराची कसोटी असते, धीर सुटला की माणसं पळतात. तेव्हा दोष या छंदाचा नाही. दोष आपल्या सवयीचा आहे. हातात मूर्ती आली की ती पाडावीशी वाटते. चिंचोक्याला चेहरा नव्हता, म्हणून आपण त्याची जागा बघायचो. मूर्तीला चेहरा आणि तलवार आहे, म्हणून आपण जागा विसरतो आणि तलवार बघतो. मूर्तीचा मोह तो हाच.

मग तिसरी मांडणी झाली. मावळ्यांचे फासे काढून टाकले. घोडदळाची उडी मात्र ठेवली: दस्ता टोळीवर चालून जातो, पलीकडं मोकळी जागा असेल तर टोळी फुटते, पलीकडं दुसरी टोळी किंवा कडा असेल तर घोडा थबकतो. बघा, जुन्या नियमाला युद्धाचं कारणही आपोआप मिळालं. भरधाव घोड्याला आरपार निघायला मैदान लागतं, खिंडीत ते नसतं. पाच टोळ्या फुटल्या की मावळ्यांनी जंगलात परतायचं, डाव खानाचा. चारी दस्ते अडकले की डाव महाराजांचा. डाव रंगला. दोन दिवस आमच्या अंगणात लेकरांची रांग.

पण खरी अडचण पुढंच होती. खानाकडून कोण खेळणार? कुणीच तयार होईना. "आमी मोगल नाही होणार!" किल्ल्याच्या देखाव्यात ही अडचण येत नाही, कारण तिथं शत्रूच नाही. खेळात येते. खेळाची पहिली अट ही की समोर कुणीतरी बसावं लागतं आणि त्यानं मनापासून जिंकायचा प्रयत्न करावा लागतो. हरायलाच बसलेला माणूस असेल तर तो खेळ नाही, ते गॅदरिंगमधलं नाटक.

तेव्हा आम्ही त्यांना रायबाघन सांगितली.

आपल्या हदगावच्या वरून पैनगंगा जाते. तीच पुढं सहस्रकुंडावरून कोसळून माहूरच्या बाजूला जाते. त्या माहूरचे देशमुख राजे उदाराम, मोगलांच्या चाकरीतले. त्यांच्या घरातली ही बाई, सावित्रीबाई नावानं ओळखली जाते. पुरुष गेल्यावर तिनं जहागीर सांभाळली, फौज चालवली, आणि मोगलांनी तिला 'रायबाघन' हा किताब दिला. बाघन म्हणजे वाघीण. आणि ही वाघीण उंबरखिंडीत होती, कारतलबखानाच्या फौजेत. कवींद्र परमानंदानं 'शिवभारत' या संस्कृत काव्यात हा प्रसंग रंगवला आहे. खान कोंडीत सापडल्यावर ती त्याला त्याची चूक तोंडावर सांगते आणि शरण जायचा सल्ला देते.

म्हणजे मंडळी, 1661 साली आपला हा मुलूख त्या खिंडीत होता, पण पलीकडच्या बाजूला. माहूर वऱ्हाड सुभ्यात, वऱ्हाड मोगलांकडं. हे सांगायला अवघड वाटतं का? आम्हालाही वाटलं. समोर आठ-दहा वर्षांची लेकरं बसली होती. पण त्यांना अवघड वाटलं नाही. एक पोरगी म्हणाली, "म्हंजे वाघांतली एक वाघीण आपल्या इकडची हाय? मग मी खेळते."

त्या पोरीसाठी आम्ही एकच नवा नियम केला. जुन्या पटावर वाघ पूर्ण अडकेपर्यंत डाव चालतो, वाघाला बोलता येत नाही. आमच्या डावात खानाच्या बाजूला कुठल्याही चालीला कौल मागता येतो. एकही वाघ अडकायच्या आत मागितला तर डाव बरोबरीत. एक-दोन अडकल्यावर मागितला तर हार, पण अर्धी. चारी अडकेपर्यंत हट्ट धरला तर पूर्ण हार. हा नियम पटात नव्हता, इतिहासातून आला. तो हाडाला धक्का लावत नाही, उलट कोंडी म्हणजे काय हे जास्त स्पष्ट करतो: कोंडी म्हणजे समोरच्याला विचार करायला लावणं.

इथं जपून बोलायला हवं. आमच्या या नियमानं खेळ सोपा होतो, घाबरट माणूस पहिल्याच चालीला कौल मागेल, असा आक्षेप नातीनंच घेतला. बरोबर आहे. म्हणून मावळ्यांच्या निदान आठ टोळ्या फळीवर आल्याशिवाय कौल मागता येत नाही असं ठरवलं. आठच का? खेळून बघून ठरवलं, दुसरं कारण नाही. रूपांतरात असे आकडे येतातच. ते कातड्याचे आकडे आहेत, तुमच्या घरी सहा किंवा दहा करा.

दुसरंही एक मान्य करू. प्रत्येक प्रसंग वाघबकरीवर बसणार नाही. 1760 साली आपल्या उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं. तोफा आणि मोठ्या फौजांचं ते युद्ध, त्याला हा पट नको. रूपांतराआधी विचारायचं ते एवढंच: हा डाव शेवटी कशाला जिंकणं म्हणतो, आणि ती लढाई शेवटी कशाला जिंकणं म्हणत होती? दोन्ही उत्तरं जुळली तर बाकीचं रंगकाम. नाही जुळली तर कितीही सुबक मूर्ती रंगवा, तो देखावाच. 2024 साली अमेरिकेतल्या एका प्रकाशनानं 'विजयनगर' नावाचा पटखेळ काढला, 1290 ते 1398 चा दख्खन, दिल्ली, बहमनी आणि विजयनगर असे तीन पक्ष, प्रत्येकाचे नियम आणि ध्येय वेगळं. जाणकार त्याचं कौतुक करतात, दोन्ही बाजू सारख्या नसलेला खेळ म्हणून. आम्ही वाचलं आणि ढेलजेतली फरशी आठवली. सारखं नसलेल्यांचा खेळ आपल्या फरशीवर विटकरीनं काढलेलाच होता.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. त्या पोरीचा डाव आम्ही पूर्ण बघितला. समोर तिचाच थोरला भाऊ, महाराजांच्या बाजूनं. तेरा टोळ्या उतरल्या होत्या, तिचे दोन दस्ते अडकले होते, दोन मोकळे. तीन टोळ्या तिनं फोडल्या होत्या, आणखी दोन फोडल्या असत्या तर डाव तिचा. ती बराच वेळ फळीकडं बघत बसली. भाऊ म्हणाला, "मार की!" तिनं बोटानं वाटा मोजल्या आणि म्हणाली, "दोन मारीन, पण त्याच्या आत तू मला कोंडतोस. कौल दे." भावानं मान हलवली. तिनं आपले घोडे एक एक करून डब्यात ठेवले. सगळे होते, एकही कमी नव्हता.



प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : सर, राग मानू नका, पण मावळ्यांना तुम्ही शेळ्यांच्या जागी ठेवलं. हे बरोबर दिसतं का?

प्रश्न विचारलात हे बरं केलं. आम्हालाही तो पडला होता. पहिली गोष्ट, फळीवर मावळेच असतात, शेळी हा शब्द लेकरं वापरतच नाहीत. दुसरी गोष्ट अशी की आपल्याला शेळी हा शब्द लागतो तो म्हणींमुळं. खेळात शेळीची तशी गत नाही. तिथं वाघ एकटा हुशार, आणि शेळ्या एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहिल्या तरच हुशार. खिंडीत महाराजांनी माणसांकडून जे करून घेतलं ते हेच होतं. आम्ही पुष्कळ खेळ बघितले. लहानांनी एकजुटीनं मोठ्याला, त्याला न मारता, हरवावं असा मान लहानांना देणारे खेळ फार थोडे. तरीही कुणाला नाव खुपत असेल तर नाव बदला. नाव कातडं आहे.

प्रश्न : मुलांनी सरळ इतिहासाचं पुस्तक वाचावं. हे खेळ कशाला?

वाचावंच. पण पुस्तक वाचताना आपण निकाल माहीत असलेल्या बाजूला बसतो. खेळताना एकदा तरी दुसर्‍या बाजूला बसावं लागतं, आणि तिथून खिंड कशी दिसते ते कळतं. त्या पोरीनं घरी जाऊन रायबाघन कोण ते आजीला विचारलं. आजीला माहीत नव्हतं. मग दोघी मिळून आमच्याकडं पुस्तक मागायला आल्या.